पत्ता बदला, पण जुन्या दारावर पाटी लावूनच



दिवाळीच्या महिनाभर आधीची गोष्ट आहे. प्रभागसंघाची मासिक बैठक संपत आली होती. एका ताईंनी पिशवीतून तूर डाळीचं रिकामं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "मॅडम, पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला होता. याच्यावरचा हा चौकोन मोबाईलवर धरला तर काही दिसूनच नाही राहिलं म्हणे. तुम्ही डाळ बंद केली काय, असं विचारत होता."

मी तिथंच मोबाईल काढून क्यूआर कोड स्कॅन केला. पडद्यावर एकच ओळ आली, 'पान सापडले नाही'.

डाळ बंद झाली नव्हती, गोदामात माल तयार होता. झालं असं होतं की दोन महिन्यांपूर्वी आम्ही संघाची वेबसाइट नवीन केली होती. नवं नाव, नवे फोटो, मराठीत माहिती. नवी साइट सुरू झाली त्या दिवशी जुनी बंद करून टाकली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या माणसाचं काय होईल, हा प्रश्न बैठकीत कुणीच विचारला नाही. मीही नाही. चूक माझीच होती, कारण ते काम माझ्याकडे होतं.

मग गूगलवर संघाचं नाव टाकून पाहिलं. आधी पहिल्या पानावर दिसणारी आपली साइट दोन-तीन पानं खाली गेलो तरी दिसेना. तेव्हापासून हा विषय मी विचारून, वाचून शिकले. जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते. आज ना उद्या तुमच्याही गटाची, ग्रामसंघाची साइट होणार आहे, आणि कधीतरी तिचा पत्ताही बदलणार आहे.

दुकान हललं, पाटी नाही लावली

समजा तुमचं पापड-लोणच्याचं दुकान दहा वर्षं बस स्टँडसमोर होतं. गिऱ्हाईक बांधलेलं होतं. एक दिवस तुम्ही दुकान बाजार चौकात नेलं, जुन्या जागेला कुलूप लावलं आणि पाटीच लावली नाही. गिऱ्हाईक येणार, कुलूप पाहणार आणि शेजारच्या दुकानात जाणार. तुमचा माल चांगला असूनही जाणार.

वेबसाइटचंही असंच आहे. जुन्या पत्त्यावर 'आम्ही इथे गेलो' अशी जी सूचना लावतात तिला रिडायरेक्ट म्हणतात. ही सूचना पाटीपेक्षाही कामाची, कारण माणसाला काही वाचावं लागत नाही. त्यानं जुना पत्ता उघडला की तो आपोआप नव्या पानावर पोहोचतो.

पाकिटावर छापलेल्या साध्या क्यूआर कोडमध्ये वेबसाइटचा पत्ताच भरलेला असतो. एकदा छापला की तो बदलता येत नाही. पाकिटं पुण्या-मुंबईला पोहोचलेली असतात, ती काही परत बोलावता येत नाहीत. अशा वेळी जुन्या पत्त्यावर रिडायरेक्ट लावणं एवढाच उपाय हातात राहतो.

गूगल आपल्याला ओळखतं कसं

आता दुसरा भाग. माणूस हरवतो तसं गूगलही हरवतं.

गूगलचा एक प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवरची पानं वाचत फिरत असतो. त्याला गूगलबॉट म्हणतात. तो एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जातो आणि वाचलेल्या पानांची नोंद ठेवतो. आपली लेखापाल ताई खतावणी ठेवते तशीच ही नोंदवही, फक्त फार मोठी. आपण काही शोधतो तेव्हा गूगल या नोंदवहीत पाहून कोणतं पान वर आणि कोणतं खाली ते ठरवतं. या क्रमालाच रँकिंग म्हणतात.

क्रम ठरवताना गूगल अनेक गोष्टी पाहतं. पानावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, पान मोबाईलवर नीट उघडतं का, आणि दुसऱ्या किती आणि कशा पानांनी या पानाची लिंक दिली आहे. ही शेवटची गोष्ट जुनी आणि महत्त्वाची आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं तेव्हा त्यांची मुख्य युक्ती हीच होती. चांगल्या पानानं दिलेली लिंक म्हणजे शिफारस. या हिशेबाला पेजरँक म्हणतात.

म्हणजे मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आपला स्टॉल लागला, कुणी त्याची बातमी लिहिली आणि त्यात आपल्या पानाची लिंक दिली, तर ती आपल्या खात्यात जमा झालेली एक शिफारस झाली. पण लक्षात घ्या, ती जमा होते एका पत्त्यावर. गूगलसाठी पत्ता बदलला म्हणजे पान नवीन झालं. मजकूर तोच, फोटो तेच, तरी नव्या पत्त्याच्या खात्यात शिल्लक शून्य. जुनी पुण्याई नव्या पत्त्याची आहे हे गूगलला कुणीतरी सांगावं लागतं. रिडायरेक्ट ते सांगतं.

ग्रामीण बँकेचं उदाहरण

हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. आपल्या भागातल्या कितीतरी गटांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती. १ मे २०२५ पासून ती बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या आणि नाव राहिलं महाराष्ट्र ग्रामीण बँक. शाखेवरचा बोर्ड बदलला. पण गटाची बचत, कर्ज, परतफेडीच्या नोंदी काही पुसल्या गेल्या नाहीत. जुन्या खात्याचा इतिहास नव्या नावाकडे गेला.

आता उलटं समजा. गटानं स्वतःच एका बँकेतलं खातं बंद केलं, दुसऱ्या बँकेत नवं उघडलं आणि जुने कागद दाखवलेच नाहीत. नव्या बँकेच्या साहेबांना काय कळणार की तुम्ही पहिला डोस वेळेत फेडला, दुसरा डोस फेडला? त्यांच्यासाठी तुम्ही कालचा गट.

पहिला प्रकार म्हणजे रिडायरेक्ट लावून पत्ता बदलणं. दुसरा प्रकार म्हणजे आम्ही केलं ते.

बँकांनी अलीकडे हेच काम देशभर केलं. ऑनलाइन फसवणूक वाढली म्हणून रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेले खास पत्ते असतील. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपल्या वेबसाइट तिकडे न्यायच्या होत्या. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात आणि ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. स्टेट बँकेचा पूर्वीचा पत्ता 'एसबीआय डॉट को डॉट इन' होता, आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' आहे.

विचार करा, किती जुन्या पासबुकांवर, फॉर्मवर जुने पत्ते छापलेले असतील. जुना पत्ता टाकणारा खातेदार नव्या पानावर पोहोचला नाही, किंवा गूगलवर खरी बँक खाली जाऊन कुणा भामट्याचं पान वर आलं, तर नुकसान खातेदाराचं. पत्ता बदलताना जुन्याची नव्याशी गाठ बांधणं हे म्हणून फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं काम नाही.

कायमचं हललो की थोड्या दिवसांसाठी?

रिडायरेक्टचे मुख्य दोन प्रकार आहेत. त्यांना आकड्यांनी ओळखतात.

३०१ म्हणजे 'कायमचं हललो'. हे पाहिलं की गूगल आपल्या नोंदवहीत जुन्या पत्त्याच्या जागी नवा पत्ता लिहितं आणि जुन्याच्या शिफारशी नव्याकडे वळवतं.

३०२ म्हणजे 'थोड्या दिवसांसाठी तिकडे या, परत येणार आहोत'. दुकानाला रंग देणं चालू आहे म्हणून आठ दिवस शेजारी बसलो, असं. अशा वेळी गूगल शोधात साधारणपणे जुनाच पत्ता दाखवत राहतं.

साइट बनवणाऱ्याला आपण नुसतं "वळवून द्या" म्हटलं आणि त्यानं ३०२ लावलं, तर माणसं नव्या पानावर बरोबर पोहोचतात. आपल्याला वाटतं काम झालं. पण गूगलला आपण चुकीचा निरोप दिलेला असतो. म्हणून स्पष्ट सांगायचं, "कायमचं रिडायरेक्ट पाहिजे, ३०१."

पूर्वी जाणकार सांगायचे की रिडायरेक्ट लावलं की थोडी पुण्याई गळतेच, भांडं बदलताना तेल थोडं सांडतं तसं. २०१६ मध्ये गूगलच्या गॅरी इलिस यांनी जाहीर सांगितलं की अशा रिडायरेक्टमुळे पेजरँक कमी होत नाही. म्हणजे काम नीट केलं तर घाबरायचं कारण नाही. पण लगेच सगळं जागेवर येतं असंही नाही. गूगलबॉटला प्रत्येक जुनं पान पुन्हा येऊन पाहावं लागतं. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं नव्या पत्त्यावर नोंदली जायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात क्रम वर-खाली होतो. म्हणून ऐन दिवाळीच्या, राखीच्या ऑर्डरच्या तोंडावर पत्ता बदलू नका. विक्री थंड असते त्या महिन्यात बदला.

नेहमी होणाऱ्या चार चुका

पहिली चूक म्हणजे सगळी जुनी पानं नव्या साइटच्या पहिल्या पानाकडे वळवणं. काम सोपं होतं, पण हळदीचं पान उघडणाऱ्या बाईला नुसता 'स्वागत आहे'चा फोटो दिसतो. ती हळद शोधत बसत नाही, निघून जाते. गूगलही अशा वळवणीला बरेचदा 'पान सापडले नाही' असंच धरतं. हळदीचं जुनं पान हळदीच्या नव्या पानाकडे आणि डाळीचं डाळीकडे गेलं पाहिजे.

दुसरी चूक साखळीची. पहिला पत्ता दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे, तिसरा चौथ्याकडे. दर वेळी साइट बदलली की नवी कडी जोडली जाते. पान उघडायला वेळ लागतो आणि गावात नेटवर्क कमी असलं की आणखीच. गूगलबॉट एका साखळीत दहा उड्यांपर्यंत जातो, पण आपण त्याला तेवढं पळवायचंच कशाला? प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्याकडे वळवायचा.

तिसरी चूक, रिडायरेक्ट लवकर काढून टाकणं. किमान एक वर्ष ठेवा आणि जमेल तितकं जास्त ठेवा, असं गूगलचं सांगणं आहे. मी म्हणेन, आपली छापील पाकिटं आणि पत्रकं लोकांच्या घरात असेपर्यंत तरी ठेवाच.

चौथी चूक म्हणजे रिडायरेक्ट लावलं की बाकी सगळं विसरणं. गूगल मॅपवरची आपली नोंद, फेसबुक पान, व्हॉट्सॲप बिझनेसची माहिती, नवीन लेबल, या सगळ्या ठिकाणी नवा पत्ता टाकायचा. गूगल सर्च कन्सोल नावाचं मोफत साधन आहे, त्यात 'पत्ता बदलला' हे गूगलला कळवायची सोय आहे. साइट बनवणाऱ्याकडून तेही करून घ्यायचं.

पत्ता कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुन्या पत्त्यावर पाटी लावायची तर जुनी जागा आपल्या ताब्यात पाहिजे. काही वर्षांपूर्वी गूगलनंच छोट्या धंद्यांना फुकट एक पानी वेबसाइट बनवून दिल्या होत्या. त्यांचा पत्ता 'बिझनेस डॉट साइट'नं संपायचा. मार्च २०२४ मध्ये गूगलनं ती सोय बंद केली. काही काळ जुना पत्ता उघडणाऱ्याला दुकानाच्या गूगल मॅपवरच्या नोंदीकडे वळवलं जायचं. तेही १० जून २०२४ पर्यंतच. त्यानंतर 'पान सापडले नाही'. त्या पत्त्याची लेबलं ज्यांनी छापली होती त्यांच्या हातात काहीच उरलं नाही, कारण तो पत्ता त्यांचा नव्हताच.

फुकटची जागा वापरू नका असं मी म्हणत नाही. सुरुवात तिथूनच होते. पण पाकिटावर छापायचा पत्ता आपला स्वतःचा असावा. अशा पत्त्याला डोमेन म्हणतात. 'डॉट इन'चं साधं डोमेन वर्षाला काही शे ते हजार रुपयांच्या आसपास मिळतं. एकदा ते आपलं झालं की आतली साइट कितीदाही बदला, दारावरचा नंबर तोच राहतो.

फक्त ते डोमेन संघाच्या नावावर आणि संघाच्या ईमेलवर घ्या. साइट बनवणाऱ्या दादाच्या नावावर नको, कोण्या ताईच्या मुलाच्या नावावर नको आणि माझ्यासारख्या समन्वयकाच्या नावावर तर मुळीच नको. माझी उद्या बदली होईल. मुलगा नोकरीला बाहेरगावी जाईल. पासवर्ड त्याच्यासोबत जाईल.

आणि दरवर्षी नूतनीकरण करा, जुन्या डोमेनचंसुद्धा. मुदत संपलेलं डोमेन काही काळानं बाजारात मोकळं होतं आणि दुसरं कुणीही ते विकत घेऊ शकतं. मग आपल्या पाकिटावरचा पत्ता उघडल्यावर जुगाराची जाहिरात दिसेल किंवा आपल्या नावानं पैसे मागणारं पान दिसेल. वर्षानुवर्षं आपण कमावलेला विश्वास चोराच्या कामी येईल.

आपल्यालाही कुणी 'वळवू' शकतं

रिडायरेक्ट भामटेही वापरतात. व्हॉट्सॲपवर योजनेची लिंक येते, दाबल्यावर ती दोन-तीन पत्त्यांवरून फिरवून भलतीकडेच नेते. म्हणून दाबली ती लिंक कशी दिसत होती ते पाहून भागत नाही. पान उघडल्यावर वरच्या पट्टीत शेवटी कोणता पत्ता आहे ते वाचा. बँकेचं पान असेल तर साइटचं नाव 'डॉट बँक डॉट इन'वर संपतं का ते बघा. सुरुवातीला बँकेचं नाव आणि शेवट भलताच, असं असेल तर काहीही न भरता बंद करा. आणि बँकेचा फोन नंबर गूगलवर शोधण्यापेक्षा पासबुकावरून घ्या किंवा बँक सखीला विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

पुढच्या बैठकीत घ्यायचे ठराव

ज्या ग्रामसंघाची, प्रभागसंघाची किंवा उत्पादक गटाची साइट आहे त्यांनी पुढच्या बैठकीत हे मुद्दे घ्या आणि इतिवृत्तात लिहा.

१. आपलं डोमेन कोणतं, कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते? ही नोंद मालमत्ता रजिस्टरमध्ये करा. तागडी आणि पॅकिंग मशीनसारखी ती पण संघाची मालमत्ता आहे.

२. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदला.

३. नूतनीकरणाची रक्कम वार्षिक खर्चात धरा.

४. साइट बदलायचं ठरलं तर आधी जुन्या पानांची यादी करा. एका बाजूला जुना पत्ता, दुसऱ्या बाजूला नवा. कागदावर केली तरी चालते. साइट बनवणाऱ्याशी लेखी ठरवा की या यादीप्रमाणे ३०१ लावल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.

५. नवी साइट सुरू झाल्यावर प्रत्येकीनं घरातलं जुनं पाकीट काढून क्यूआर स्कॅन करून पाहायचं. ही तपासणी कुणीही करू शकतं.

आमच्या संघाचं पुढं काय झालं ते सांगते. नशिबानं जुन्या डोमेनची मुदत संपायची होती. आम्ही यादी केली आणि प्रत्येक जुन्या पानावर ३०१ लावून घेतलं. त्याच दिवशी पाकिटावरचा क्यूआर चालू झाला. काही आठवड्यांनी संघाचं नाव शोधलं की साइट पुन्हा पहिल्या पानावर दिसू लागली. नुसतं 'तूर डाळ' शोधल्यावर मात्र पूर्वीची जागा अजून आलेली नाही, आणि दिवाळीच्या काही ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. सुरुवातीलाच एक दिवस दिला असता तर हे टळलं असतं.

पाकीट घेऊन आलेल्या त्या ताईंना मी सांगितलं की काम झालं. त्यांनी लगेच भाच्याला फोन लावला आणि म्हणाल्या, "आता बघ बरं. आणि डाळ संपली असंन तर तिथूनच मागव."